रविवारचं बोलावणं

हमीदभाई, तुमच्या गादीघराचं शटर अजून अर्धंच खाली आहे. कुणी ते पूर्ण ओढत नाही आणि कुणी वरही करत नाही. धाड गावच्या स्टँडवर बसमधून उतरलं की आधी तुमच्या कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज कानावर यायचा आणि मग तुमचा. मशीनचा बरा, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणायचे. तुम्ही गेलात त्याला अजून पंधरवडाही झाला नाही, आणि मला तुमच्यासाठी रडायच्या आधी तुमच्यावर रागवायचं आहे. रडणारे पुष्कळ आले होते. रागावणारी मी एकटीच असेन, म्हणून तो हक्क मी सोडणार नाही.

आपली ओळख तशी गिऱ्हाइकाची. माझ्या लग्नातल्या गाद्या तुम्ही किती वेळा उसवून, पिंजून, परत भरून दिल्या, आणि दर वेळी म्हणालात, "कापूस चांगला हाये ताई, मानसापेक्षा जास्त टिकंल." मग शाळा बंद होत्या त्या वर्षी एका सकाळी तुम्ही पोरांचा कळप पुढं घालून माझ्या रोपवाटिकेत आलात, शेळ्या हाकत आणाव्या तसे. म्हणालात, "हे पोट्टे दिवसभर माह्या रुईत लोळतात अन् खोकलत बसतात. लोळायचंच हाये तं तुमच्या मातीत लोळू द्या." मी म्हटलं, लोळायला कशाला, कामालाच लावते. "हाव, लावा. मीबी येतो." त्या 'मीबी येतो'मधून आपला रविवारचा क्लब सुरू झाला. क्लब हे नाव पोरांनी ठेवलं. आपल्याकडं क्लब म्हटलं की लोकांना पत्ते कुटणारे आठवतात, त्यामुळं पायलच्या आजोबांनी सुरुवातीला नातीला पाठवलंच नाही. तुम्ही त्यांना हाताला धरून शेडनेटखाली आणलंत, वाफे दाखवलेत आणि विचारलंत, "सांगा आता, यातला गुलाम कोनता अन् एक्का कोनता?" म्हातारा हसला आणि दुसऱ्या रविवारी नातीला स्वतः सोडून गेला.

क्लबचं काम साधं होतं. हंगामाला एका पोरानं एकच काम घ्यायचं आणि ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतः करायचं. कुणी मिरचीची रोपं, कुणी गांडूळखत, कुणी कोंबड्या, कुणी बिघडलेला फवारणी पंप. मोठ्यांनी शेजारी उभं राहायचं, विचारलं तर सांगायचं, हात घालायचा नाही. इथपर्यंत आपलं जमायचं. पुढं मात्र रोजची तणतण. माझं म्हणणं, आपल्याला येतं ते शिकवावं. मला मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं कळतात, मी तीच शिकवायचे. तुम्हाला कापूस कळायचा, पण कापसाचं नाव काढलं तर तुम्ही हात झटकायचात. "येते ते काय शिकवायचं? ते तं मी धंद्यातच करतो. येत नाही ते पोराईसंग शिकू."

आणि काय काय शिकलात तुम्ही! गव्हाच्या काडात अळंबी लावलीत, ती हिरवी पडून सडली आणि आठवडाभर रोपवाटिकेत नाक धरून फिरावं लागलं. फवारणी पंप पोरांबरोबर पूर्ण खोललात, पूर्ण जोडलात, आणि एक पुर्जा जमिनीवर उरला. तो उचलून, फुंकर मारून खिशात टाकलात आणि म्हणालात, "हा कंपनीनं जास्तीचा देला." पंप चालू केला तर औषधाऐवजी वारा आला. पोरं पोट धरून हसत होती आणि सगळ्यात मोठ्यानं तुम्ही हसत होता. मी चिडायचे. मला वाटायचं, हा माणूस पोरांचा वेळ घालवतो आहे. तसं मी तुम्हाला म्हणालेही असेन, नव्हे म्हणालेच.

पण एक गोष्ट तुमची होती आणि ती मी कधीच कुणाला माझी म्हणून सांगितली नाही. रविवारचं काम संपलं की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं आधी आपला बिघाड सांगायचा, काय चुकलं, काय मेलं, काय सांडलं. जमलेलं नंतर. "पहिले बिघाड, मंग बढाई," असं तुमचं वाक्य होतं. पोरांनाच नाही, मोठ्यांनाही. माझा एकदा टोमॅटोच्या रोपांचा अख्खा ट्रे जळाला होता, खत जास्त पडलं होतं. ते मी त्या पोट्ट्यांसमोर सांगितलं तेव्हा माझे कान गरम झाले होते. कुणी हसलं नाही. पोरांतल्या अयाननं फक्त विचारलं, "मंग काकू, आता किती टाकता?" घरी जाताना मला इतकं हलकं वाटलं की मी तुमच्याशी दोन दिवस गोड बोलले.

आता बदकांचं.

तुम्ही देऊळगाव राजाकडं गाद्या पोचवायला गेला होतात आणि येताना बदकाची अंडी घेऊन आलात. चिखलीला बस बदलून, पिशवीत कापसाची गादी करून, मांडीवर घेऊन. एकही फुटलं नव्हतं. आपल्याकडं बदकं पाळतो कोण? मी म्हटलं, कशाला नसती उठाठेव. तुमचं ठरलेलं उत्तर आलं, "मलेबी कुठं माहीत हाये? पाहू ना." पायलनं ते काम घेतलं. तिच्या आजीची खुडूक बसलेली कोंबडी आणली, जुन्या क्रेटमध्ये भुसा घातला, अंडी ठेवली. ती पोर शाळेतून थेट रोपवाटिकेत यायची. कोंबडी दाणे खायला उठली की आपली ओढणी अंड्यांवर धरायची.

कोंबडीचे एकवीस दिवस, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकवीस झाले, बावीस झाले. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही सकाळीच आलात. अंडी कानाशी हलवून पाहिलीत, नासली म्हणालात, आणि पोरं यायच्या आत काढून उकिरड्यात टाकलीत. एक ठेवलंत. पायल आली तेव्हा ते तिच्या हातात दिलंत. "रडू नको. नासकं अंडं कसं असते तेबी पाहून घे, तेबी शिकणंच हाये." तिनं नाक दाबून ते दगडावर फोडलं. आत पिल्लू होतं. पिसं ओली होती, चोच चपटी होती, आणि ते हललं. थोडा वेळ हलत राहिलं आणि मग थांबलं.

तुम्ही उकिरड्याकडं धावलात. मी तुम्हाला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तिथलं एकही अंडं धड नव्हतं. तुम्ही परत आलात, पायलकडं पाहिलंत, टोपी डोक्यावर नीट केलीत आणि फाटकातून निघून गेलात. त्या रविवारी कुणी गोल करून बसलं नाही.

मी दुकानात आले होते, आठवतं ना? तुम्ही गादीला दाभण मारत होता आणि वर पाहत नव्हता. मी म्हटलं, "हमीदभाई, बिघाड सांगायची पाळी तुमची राह्यली हाये."

"अळंबी सडली तं हसता येते ताई. हे हसण्यावारी नेता येत नाही. त्या पोरीच्या हातून जीव गेला, अन् तिच्या हातात देणारा मी. कोनत्या तोंडानं येऊ?"

"हसायले कोन सांगून राह्यलं तुमाले? सांगायले सांगून राह्यली मी."

मग मला काय सुचलं कोण जाणे, जिभेवरचा जुना वाद बाहेर पडला. म्हटलं, "एखाद्या जाणत्याले आधी विचारलं असतं तं..." तुमचा दाभणाचा हात थांबला. "हाव," तुम्ही म्हणालात, "तुमचंच खरं व्हतं. शिकवणाऱ्याले येत असलं पाह्यजे." इतकी वर्षं तुमच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि पायरी उतरताना मला वाटलं, हे परत आत ढकलता आलं तर बरं होईल. तुम्ही वाद हरलात आणि क्लब सोडलात. अहो, हरण्यात तर तुम्ही उस्ताद होता! दुसऱ्यांना बिघाड सांगायला शिकवलंत आणि स्वतःचा सांगायची वेळ आली तर दुकानात तोंड लपवून बसलात. हाच माझा राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत.

पायलही काही रविवार आली नाही. मग एक दिवस आपणहून आली आणि फाटकातूनच म्हणाली, "काकू, कोंबडीचे एकवीस असतात, बदकाचे अठ्ठावीस. सात दिवस अजून ठेवा लागत व्हते."

"तुले कोनं सांगितलं?"

"मीच विचारलं. पप्पाच्या जीपमधी एक बदकवाला बसला व्हता."

"मंग आधी काऊन नाही विचारलं कोनाले?"

ती जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "आधी वाटे, मोठ्याइले माहीतच असते."

हमीदभाई, हे वाक्य मला तुमच्यासमोर आणून ठेवायचं होतं. मी जन्मभर जाणत्यांनीच शिकवावं म्हणत आले, आणि ही पोर नेमकी जाणत्यांवर विसंबून फसली होती. तुम्ही मुळात पोरांना सांगत होता की मला येत नाही, मलाही माहीत नाही. आम्हीच कुणी ते खरं मानलं नाही. पोरं समजायची चाचा गंमत करतात, मी समजायचे हा माणूस आळशी आहे. आता पायल प्रत्येक गोष्ट दोघातिघांना विचारते. परवा माझ्या मिरचीच्या खताचं प्रमाणही तिनं दुसऱ्याला विचारून पाहिलं आणि मग मला येऊन सांगितलं की बरोबर आहे. मला राग आला आणि हसू आलं. अजूनही मी तुमचं सगळं मान्य करत नाही, हे नोंदवून ठेवते. माहीत नसेल तर विचारावं, हे तुम्हीही करायला हवं होतं. पण हा वाद घालायला तुम्ही समोर पाहिजे होता.

पायलनं परत अंडी आणवली, या वेळी तिच्या पप्पांच्या जीपमधून. परत आजीची कोंबडी बसवली. अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचं, गोणपाटाच्या अंधारात मोबाईलची बत्ती मागं धरून आतला जीव पाहायचा, हे सगळं ती विचारून विचारून शिकली. आत काही तरी हललं तेव्हा तिनं मला हाक मारली आणि मीही गोणपाटात डोकं घातलं. बाकीची पोरंही या कामात सामील झाली. त्यांनीच ठरवलं की तुम्हाला कळू द्यायचं नाही. पिल्लं निघाली की टोपलीत घालून सगळ्यांनी मिळून गादीघरात जायचं, चाचाच्या मांडीवर टोपली ठेवायची. "सरप्राईज," अयान म्हणाला. मला तोंडाला कुलूप लावायची शपथ घातली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मी मनात चित्रही रंगवलं होतं, तुम्ही टोपी सावरत काय म्हणाल याचं.

त्या दिवसांत आठवडी बाजारात तुम्ही भेटलात. मेथीची जुडी हातात घेऊन भाव पाडत होता. मला पाहिल्यावर भाव पाडायचं सोडून दिलंत.

"पोट्टे कसे हायेत?"

"बरे हायेत."

"काय करून राह्यले सध्या?"

माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण शपथ घातलेली. म्हटलं, "काय करतील, मिरचीची रोपं."

"हाव," तुम्ही म्हणालात. "मिरची तुमचा हातखंडा. चांगलं हाये." आणि मेथीवाल्यानं सांगितला तो भाव देऊन गेलात. मी तुमच्या पाठीकडं पाहत मनात हसत होते, की थांबा, अजून एका आठवड्यानं पाहा. तुम्ही मात्र काय समजून गेलात? की क्लब आता माझा झाला, पोरं मिरचीत रमली, तुमच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. ती आपली शेवटची भेट.

बुधवारी दुपारची नमाज पढून तुम्ही दुकानात आलात आणि कुणाच्या तरी नव्या भरलेल्या गादीवर जरा आडवे झालात. गिऱ्हाइकाच्या गादीवर तुम्ही कधी टेकतही नव्हता. तुमच्या पोरानं चहा आणला तेव्हा तुम्ही उठला नाहीत. अंधार पडायच्या आत तुम्हाला नेलं. मी आणि पोरं रस्त्याच्या कडेला उभे होतो. पायलचे आजोबा खांदा द्यायला पुढं झाले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. अंड्यांना अजून चार दिवस बाकी होते.

दोन दिवसांनी मी भाभींकडं गेले. त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या, आता इद्दतचे चार महिने त्यांना घराबाहेर पडायचं नाही. मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, तुमी त्याइले बोलवाले काऊन नाही आल्या?"

मी म्हटलं, "भाभी, मी आली व्हती ना दुकानात, एक डाव."

"एक डाव. बाद में? हर इतवार को नहा-धोके, इस्तरीचा सदरा घालून बसत व्हते. मी म्हने, कुठं जाऊन राह्यले? तं म्हने, कुठं नाही. कोनी बोलवाले आलं तं तयार असलेलं बरं. दुपारपर्यंत बसत, मंग सदरा काढून ठेवत."

मी त्यांना बदकांचं सांगितलं. सगळं सांगितलं, शपथेचंसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, मंग सांगायचं ना. ते तं तिथंच बसले असते, कोंबडीच्या बाजूले." बरोबर आहे त्यांचं. चार आठवडे तुम्ही त्या क्रेटजवळून हलला नसतात. गोणपाटात डोकं घातलं असतं, पायलशी कोमट पाण्यावरून भांडला असतात, कोंबडीला शिव्या घातल्या असत्यात. तुम्हाला मांडीवर पिल्लं नको होती. तुम्हाला परत काम हवं होतं, आणि कुणी तरी 'चला' म्हणायला हवं होतं. मी मोठी होते. पोरांच्या हौसेला हो म्हणताना हे मला दिसायला हवं होतं. मला वाटलं आपण तुमच्यासाठी काही तरी छान करतो आहोत. तुम्ही दर रविवारी दारात सदरा घालून बसला होता, आणि आम्ही इकडं ओठावर बोट ठेवून बसलो होतो. हे आता कुठं नेऊन ठेवू ते मला कळत नाही, हमीदभाई.

शनिवारी संध्याकाळी अंड्यांना तडे दिसले. रविवारी सकाळी पोरं आली, एकही घरी राहिलं नव्हतं. क्रेटभोवती सगळे उकिडवे बसलो. पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. अयान घरून टोपली घेऊन आला होता, ठरल्याप्रमाणे. ती त्यानं हळूच मागं सरकवली. कोंबडीनं त्या चपट्या चोचीकडं मान वाकडी करून पाहिलं, जरा विचारात पडली, आणि मग पंख पसरून त्याला पोटाखाली घेतलं. दुपारपर्यंत बाकीची निघत राहिली. शेवटचं सुकल्यावर पायलनं ओढणीनं हात पुसले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "काकू, आता हे सांगायचं कोनाले?"

मी म्हटलं, "मी सांगते."

म्हणायला सोपं होतं. ते पार पाडायला मला इतके दिवस लागले. तर ऐका, हमीदभाई. बदकं निघाली. एक अंडं सोडलं तर सगळी निघाली, ते एक मात्र खरंच नासकं होतं आणि ते पायलनं बत्तीवर आधीच ओळखून बाजूला ठेवलं होतं. पिल्लं पिवळी आहेत, फार गलका करतात, पाण्याच्या पातेल्यात घुसून सगळीकडं चिखल करतात, आणि माझे दोन वाफे त्यांनी तुडवून टाकले आहेत. कोंबडी काठावर उभी राहून जीव तोडून ओरडते. पोरांनी मला बजावलंय की सगळं सांगून झालं की शेवटी आमच्याकडून एवढं म्हणा: चाचा, रविवारी या.